‘तुला झालंय तरी काय?’ की ‘तुझ्यावर काय गुजरलं?’ : शेल शॉकपासून आजच्या वॉर्डापर्यंत

१/
ऑक्टोबर १९१६. पहाटेच्या वेळी फ्रान्समध्ये हॅरी फार या २५ वर्षांच्या ब्रिटिश सैनिकाला त्याच्याच सैन्याने गोळ्या घातल्या. गुन्हा होता भ्याडपणाचा. सोमच्या रणभूमीवर त्याने आघाडीकडे जाण्यास नकार दिला होता. हे आता सहन होत नाही, एवढेच तो सांगत राहिला. याच सैनिकाने आदल्या वर्षी ‘शेल शॉक’मुळे पाच महिने लष्करी रुग्णालयात काढले होते. एकाच सैन्याच्या एका खात्याने ज्याला रुग्ण मानले, त्यालाच दुसऱ्या खात्याने गुन्हेगार ठरवले.

२/
आज मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर’ हा शब्दप्रयोग सर्वत्र ऐकू येतो. मराठीत त्याला ‘आघातसजग उपचार’ म्हणता येईल. त्याचा गाभा एका प्रश्नाच्या बदलात आहे. ‘तुझ्यात काय बिघडले आहे?’ असे विचारण्याऐवजी ‘तुझ्यावर काय गुजरले?’ असे विचारायचे. आणि समोरच्या माणसावर काही भयंकर गुजरलेले असू शकते, हे गृहीत धरून रुग्णालयाची रीत ठरवायची.

३/
ही कल्पना एकविसाव्या शतकाची देणगी म्हणून मांडली जाते. इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. मनावरील आघाताचे ज्ञान शंभर वर्षांत किमान तीनदा हाती आले, आणि दोनदा ते हातचे गेले. ते का गेले, हा या धाग्याचा विषय आहे. उणीव ज्ञानाची नव्हती. ते ज्ञान स्वीकारायचे तर सैन्याला, न्यायालयाला, रुग्णालयाला आणि कुटुंबाला स्वतःचे वर्तन बदलावे लागणार होते. अडले ते तिथे.

४/
पहिला प्रसंग व्हिएन्नातील. १८९६ साली सिग्मंड फ्रॉइड याने तेथील वैद्यकसभेपुढे १८ रुग्णांच्या आधारे एक विधान मांडले : ज्याला ‘हिस्टेरिया’ म्हणतात, त्याच्या मुळाशी बालपणी झालेले लैंगिक अत्याचार आहेत. सभेने थंड प्रतिसाद दिला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८९७ मध्ये, मित्र विल्हेल्म फ्लीसला लिहिलेल्या पत्रात फ्रॉइडने या सिद्धांतावरचा आपला विश्वास उडाल्याचे कळवले.

५/
त्याने माघार का घेतली, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे, आणि मूळ सिद्धांतही निर्दोष नव्हता. पण त्या पत्रात फ्रॉइडने दिलेल्या कारणांपैकी एक लक्षणीय आहे. सिद्धांत खरा मानला, तर इतक्या साऱ्या घरांतील वडिलांना दोषी धरावे लागेल, आणि ते त्याला संभवनीय वाटेना. शास्त्राची पावले इथे पुराव्यापेक्षा पुराव्याच्या परिणामांपाशी अडखळलेली दिसतात.

६/
दुसऱ्यांदा हे ज्ञान आले ते तोफांच्या आवाजात. फेब्रुवारी १९१५ मध्ये केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांची हकीकत प्रसिद्ध केली. पहिला विशीतला शिपाई काटेरी तारेत अडकला असताना त्याच्या आजूबाजूला तोफगोळे फुटले होते. शरीरावर मोठी जखम नव्हती. पण दृष्टी, चव, वास आणि स्मृती यांत बिघाड झाला होता. मायर्स यांच्या लेखाने ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय भाषेत आणला.

७/
युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश सैन्यात अशा रुग्णांची संख्या सुमारे ८०,००० झाली, असे सामान्यतः सांगितले जाते. कुणाची वाचा गेली, कुणाचे पाय लुळे पडले, कुणाला डोळे मिटले की मेलेले सोबती दिसू लागले. स्फोटापासून दूर असलेलेही कोसळू लागले, तेव्हा मायर्स यांनाच कळून चुकले की हा गोळ्याच्या धक्क्याने मेंदूला झालेला इजेचा प्रकार सरसकट नाही. मूळ मनावरील ताणात आहे.

८/
सैन्यापुढे आता अडचण उभी राहिली. जखमी सैनिकाला मान मिळतो, निवृत्तिवेतन मिळते. मग मनाच्या जखमेचे काय करायचे? लष्कराने अक्षरांचा आधार घेतला. शत्रूच्या माऱ्याचा प्रत्यक्ष परिणाम असेल तर कागदावर ‘डब्ल्यू’, म्हणजे जखमी. तसे सिद्ध झाले नाही तर ‘एस’, म्हणजे नुसता आजारी. पहिल्याला बाहीवर जखमेची पट्टी लावता येई, दुसऱ्याला नाही. माणसाच्या यातनेची किंमत एका अक्षरावर ठरू लागली.

९/
जून १९१७ मध्ये तर ‘शेल शॉक’ हा शब्दच वापरू नये, असा आदेश निघाला. अशा सैनिकाच्या कागदावर लिहायचे : ‘अद्याप निदान न झालेला, मज्जाविकाराचा’. शब्द चुकीचा होता, हे मायर्स यांनाही मान्य होते. परंतु शब्द काढून घेतल्याने स्वप्ने थांबली नाहीत. नोंदवहीतील आकडे मात्र सैन्याला सोयीचे झाले.

१०/
त्यातही हुद्द्याचा भेद होता. अधिकाऱ्याला ‘न्युरस्थेनिया’, म्हणजे अतिश्रमाने आलेली मज्जादुर्बलता. साध्या शिपायाला ‘हिस्टेरिया’, म्हणजे तोवर स्त्रियांना हिणवून चिकटवलेला शब्द. लक्षणांत काही फरक होता हे खरे, आणि त्यावर डॉक्टरांनी सिद्धांतही रचले. पण निदानाबरोबर प्रतिष्ठाही वाटली जात होती, आणि प्रतिष्ठेबरोबर उपचार.

११/
दोन रुग्णालये शेजारी ठेवून पाहावीत. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील राष्ट्रीय रुग्णालयात लुईस यीलँड हे डॉक्टर होते. १९१८ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी वाचा गेलेल्या एका २४ वर्षांच्या शिपायाची हकीकत लिहिली आहे. तो मॉन्सपासून आर्मान्तिएरपर्यंत नऊ लढाया लढलेला होता. यीलँडपूर्वी इतरांनी त्याच्या जिभेला पेटत्या सिगारेटचे चटके देऊन पाहिले होते. यीलँडनी त्याला अंधाऱ्या खोलीत नेले, दार लावून घेतले आणि बोलू लागल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही असे बजावून घशाला विजेचे झटके दिले. सुमारे चार तासांनी तो बोलू लागला.

१२/
यीलँडना निव्वळ क्रूर ठरवणे सोपे आहे. त्यांच्या रुग्णांच्या मूळ नोंदी तपासणाऱ्या अलीकडच्या संशोधकांनी चित्र इतके एकरंगी नसल्याचे दाखवले आहे. अनेकांना ते धीर देत, समजावत. म्हणूनच ही हकीकत अधिक विचार करायला लावते. या उपचारासाठी डॉक्टर दुष्ट असण्याची गरज नव्हती. बोलणे परत आणणे एवढेच यश मानले, की ते का थांबले हे विचारण्याची गरजच उरत नाही. जो माणूस सुटकेचा मार्ग नसलेल्या खंदकात हादरला, त्याच्यावर सुटकेचा मार्ग नसलेल्या खोलीत इलाज झाला. आज ज्याला ‘पुनर्आघात’ म्हणतात, तो हाच.

१३/
दुसरे रुग्णालय एडिंबरोजवळचे क्रेगलॉकहार्ट. पूर्वी ते जलोपचारांचे विश्रामगृह होते. १९१६ मध्ये तेथे अधिकाऱ्यांसाठी युद्ध-रुग्णालय सुरू झाले. टेनिस होते, गोल्फ होते, ‘द हायड्रा’ नावाचे रुग्णांचे नियतकालिक होते. काही काळ कवी विल्फ्रेड ओवेन त्याचे संपादक होते. आणि तेथे डॉ. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स होते. मानववंशशास्त्राच्या वाचकांना हे नाव परिचित असेल : निलगिरीतील तोडा समाजावरचा १९०६ चा प्रसिद्ध ग्रंथ याच रिव्हर्सांचा. परक्या माणसाचे ऐकून घेण्याची सवय त्यांना क्रेगलॉकहार्टला येण्याआधीच जडलेली होती.

१४/
त्या काळी नातेवाईक आणि डॉक्टर सगळे एकच सल्ला देत : ‘विसरून जा, दुसरे काही बोल.’ रिव्हर्सांनी डिसेंबर १९१७ मध्ये वाचलेल्या एका निबंधात याच सल्ल्यावर बोट ठेवले. दिवसभर नेटाने दाबून ठेवलेली आठवण रात्री दुप्पट जोराने येते, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांनी रुग्णांना बोलण्याची मुभा दिली. तासन्‌तास आठवणीत बुडून राहा असे मात्र सांगितले नाही. दडपणे आणि उगाळत बसणे, दोन्ही टोके त्यांना घातक वाटत.

१५/
त्यांचा एक रुग्ण मित्राला शोधायला गेला होता, तेव्हा त्याला मित्राच्या देहाचे तुकडे सापडले. रोज रात्री तो छिन्नविच्छिन्न मित्र स्वप्नात येई. रिव्हर्सांनी त्याचे लक्ष एका गोष्टीकडे वेधले : देहाची ती अवस्थाच सांगते की मृत्यू तत्क्षणी आला, मित्राला यातना झाल्या नाहीत. त्या धाग्याला धरून रुग्णाला मित्राचा विचार करता येऊ लागला. पुढे स्वप्न पुन्हा पडले तेव्हा त्यात भीतीची जागा दुःखाने घेतली होती. तो मित्राशेजारी गुडघे टेकून बसला होता.

१६/
याच निबंधात रिव्हर्सांनी आपले अपयशही नोंदवले आहे. एका अधिकाऱ्याचा अनुभव इतका किळसवाणा होता की त्यात दिलाशाचा एकही धागा सापडेना. तिथे त्यांनी बोलण्याचा आग्रह सोडला आणि त्याला सैन्यातून मुक्त होऊन गावाकडच्या शांत वातावरणात जाऊ दिले. पद्धत माणसासाठी असते, माणूस पद्धतीसाठी नव्हे, हे कृतीने सांगणारा हा प्रसंग आहे.

१७/
तरीही क्रेगलॉकहार्टचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. रिव्हर्स हे लष्करी गणवेशातील डॉक्टर होते आणि बऱ्या झालेल्यांना पुन्हा आघाडीवर पाठवणे हे त्यांचे काम होते. कवी सिगफ्रीड ससून त्यांच्याशी झालेल्या संवादानंतर स्वेच्छेने युद्धावर परतले. उपचार सहृदय होता. ज्या यंत्राने माणसे मोडली, त्याच यंत्राची तो सेवा करत होता. हा पेच रिव्हर्सांना छळत राहिला, आणि तो आजही मिटलेला नाही.

१८/
आणि हिंदी शिपाई? फ्रान्समध्ये लढून जखमी झालेल्यांना इंग्लंडमधील ब्रायटन येथे आणले जाई. तेथील किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी १,००० जखमांचे विश्लेषण केले. ते कशासाठी? युद्धातून सुटण्यासाठी हे शिपाई स्वतःला इजा करून घेतात, असा संशय होता म्हणून. निष्कर्ष असा निघाला की तसा सार्वत्रिक प्रकार नाही. मनाची जखम मान्य होणे दूरच. हिंदी शिपायाला अंगावरची जखमही खरी असल्याची परीक्षा द्यावी लागली.

१९/
त्याच रुग्णालयात रुग्णांना आणि हिंदी कर्मचाऱ्यांना आवाराबाहेर पडण्यावर कडक निर्बंध होते. भिंतींवर काटेरी तार होती, पहारा होता. या कोंडमाऱ्याच्या संतापातून गोडबोले आडनावाच्या एका हिंदी सब-असिस्टंट सर्जनने खुद्द सेटन यांच्यावर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला. त्या कृत्याचे समर्थन कुणी करणार नाही. परंतु काटेरी तारांतून आलेल्या माणसांना काटेरी तारांच्या आत ठेवून बरे करता येते, ही समजूत किती खोलवर रुजली होती, हे त्यावरून उमगते.

२०/
युद्ध संपले. १९२२ मध्ये लॉर्ड साउथबरो समितीचा अहवाल आला. ‘शेल शॉक’ हा शब्द हद्दपार करावा आणि अशा विकाराची गणना रणांगणावरील जखमींत करू नये, अशी त्याची शिफारस होती. भ्याडपणा आणि पलायन यांसाठीची मृत्युदंडाची शिक्षा ब्रिटिश संसदेने १९३० मध्ये रद्द केली, हे श्रेय द्यायला हवे. पण रिव्हर्स १९२२ मध्येच वारले होते आणि जे उमगले होते ते पुन्हा झाकले गेले.

२१/
इतके झाकले गेले की १९४१ मध्ये एब्राम कार्डिनर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाला युद्धजन्य मनोविकारांवर जवळपास नव्याने ग्रंथ लिहावा लागला. १९५२ च्या अमेरिकन निदानसूचीत तीव्र ताणाच्या प्रतिक्रियेला एक जागा मिळाली. १९६८ च्या आवृत्तीतून तीही गेली. त्या वर्षी व्हिएतनाममध्ये युद्ध ऐन भरात होते.

२२/
तिसऱ्या वेळी ज्ञान आले ते वरून नव्हे, खालून. १९७० पासून न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून परतलेले सैनिक एकत्र बसून बोलू लागले. रॉबर्ट लिफ्टन आणि कैम शटन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्या निमंत्रणावरून त्यात सामील झाले. त्याच सुमारास ॲन बर्जेस आणि लिंडा होमस्ट्रॉम यांनी बोस्टनच्या एका सार्वजनिक रुग्णालयात बलात्कारपीडित स्त्रियांचा अभ्यास करून १९७४ मध्ये त्यांच्या लक्षणांना नाव दिले. ती लक्षणे सैनिकांच्या लक्षणांशी विलक्षण जुळत होती. १९८० मध्ये ‘पीटीएसडी’ हे निदान अधिकृत सूचीत आले.

२३/
बर्जेस आणि होमस्ट्रॉम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. १९७८ च्या ग्रंथात त्यांनी मोहरा संस्थांकडे वळवला : पोलीस, रुग्णालय आणि न्यायालय पीडितेशी कसे वागतात? इथे प्रश्न खऱ्या अर्थाने बदलला. पुढे १९९८ मध्ये फेलिटी आणि अँडा यांच्या अभ्यासात हजारो सामान्य अमेरिकन प्रौढांपैकी निम्म्याहून अधिकांनी बालपणीचा किमान एक प्रतिकूल अनुभव नोंदवला. आघात हा अपवाद मानून रुग्णालय चालवणे मग शक्यच नव्हते.

२४/
२००१ मध्ये मॅक्सीन हॅरिस आणि रॉजर फॅलॉट यांनी सेवाव्यवस्थेचीच रचना आघात लक्षात घेऊन करावी, असे मांडले. २०१४ मध्ये अमेरिकी सरकारच्या सॅम्सा या यंत्रणेने त्याला चौकट दिली : आघाताचा व्याप जाणणे, त्याची चिन्हे ओळखणे, त्यानुसार वागणे आणि नव्याने आघात न करणे. सुरक्षितता, पारदर्शकता, समदुःखींचा आधार, सहकार्य, निवडीचा अधिकार आणि सांस्कृतिक-ऐतिहासिक भान ही तत्त्वे तिच्या केंद्रस्थानी आहेत.

२५/
यावर आक्षेप आहेत आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. प्रत्येक मनस्तापाला ‘ट्रॉमा’ म्हटले तर शब्दाची धार जाते. प्रत्येक विकाराचे मूळ भूतकाळात शोधणे हेही अशास्त्रीय आहे. पण आघातसजग उपचार म्हणजे रुग्णाकडून दुःखद आठवणी वदवून घेणे नव्हे. न विचारताही तो देता येतो : दार उघडे ठेवून, स्पर्शापूर्वी संमती मागून, पुढे काय करणार ते आधी सांगून. खरा धोका वेगळाच आहे. नियम जुनेच राहतील आणि भिंतीवर फलक तेवढा नवा लागेल. १९१७ च्या आदेशात शब्द बदलला होता, वागणूक नाही.

२६/
भारतापुरते बोलायचे तर त्या बदलाचे मोल फार महाग मोजावे लागले आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी निवासाला आग लागली आणि २५ हून अधिक मनोरुग्ण होरपळून मेले. ते पळू शकले नाहीत, कारण ते साखळ्यांनी बांधलेले होते. साखळी हा तिथे उपचाराचा भाग मानला जात होता.

२७/
२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा या पार्श्वभूमीवर वाचावा. साखळीने बांधण्यास त्यात पूर्ण मनाई आहे. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याखेरीज विजेचे झटके देता येत नाहीत. डोक्याचे सक्तीने मुंडण करता येत नाही. स्वतःचे कपडे वापरण्याचा हक्क आहे. शारीरिक बंधन शिक्षा म्हणून वापरता येत नाही, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत या सबबीवरही नाही. हे शेवटचे कलम इतिहासाच्या विद्यार्थ्याने मनात कोरून ठेवावे. संस्थेची सोय हे उपचाराचे कारण होऊ शकत नाही, असे कायद्याने इतक्या स्पष्टपणे क्वचितच सांगितले असेल.

२८/
त्याच कायद्याचे ११५ वे कलम म्हणते : आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र तणावाखाली होती असे मानावे, तिच्यावर खटला चालवू नये, तिच्या काळजीची जबाबदारी सरकारने घ्यावी. वसाहतकाळातील दंडसंहिता अशा व्यक्तीला ‘काय गुन्हा केलास?’ असे विचारत होती. नवा कायदा ‘काय गुजरले?’ असे विचारू पाहतो. हॅरी फारच्या खटल्यात हाच प्रश्न कुणी गांभीर्याने घेतला नव्हता.

२९/
मात्र कायद्यातला प्रश्न वॉर्डापर्यंत पोहोचतोच असे नाही. तो पोहोचवायचा तर मनुष्यबळ लागते, निधी लागतो, आणि रात्रपाळीच्या परिचारिकेपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत प्रत्येकाला प्रशिक्षण लागते. त्यांच्यावर काय गुजरते, हेही कुणीतरी विचारावे लागते. दमलेल्या, भेदरलेल्या माणसाकडून दुसऱ्याला धीर मिळण्याची अपेक्षा रिव्हर्सांनीही केली नसती. म्हणून ‘आघातसजग’ असल्याचा दावा करणाऱ्या संस्थेला एकच गोष्ट विचारावी : या दाव्यामुळे तुमचा कोणता नियम बदलला?

३०/
हॅरी फारच्या विधवेला सुरुवातीला निवृत्तिवेतन नाकारले गेले. त्याच्या मुलीने म्हातारपणी न्यायासाठी लढा दिला. २००६ च्या ब्रिटिश कायद्याने त्याच्यासह ३०६ सैनिकांना मरणोत्तर माफी मिळाली. पण त्याच कलमात एक ओळ आहे : या माफीने मूळ दोषसिद्धीला वा शिक्षेला बाध येत नाही. ९० वर्षांनीही राष्ट्राने त्याला क्षमा केली. चूक आपली होती, असे मात्र निकालपत्रावर लिहिले नाही. संस्थांना दया दाखवणे जमते, स्वतःचा कागद दुरुस्त करणे जड जाते. आज एखाद्या रुग्णाच्या कागदावर ‘हट्टी’, ‘नाटकी’, ‘सहकार्य करत नाही’ असे लिहायला पेन उचलले जाते, तेव्हा पणाला लागलेले असते ते नेमके हेच.

#इतिहास #पहिलेमहायुद्ध #मानसिकआरोग्य #धागा